फुली मारलेली शिडी

मी शिडी बोलतेय. माझ्या डाव्या खांबावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, तांबड्या रंगाची एक मोठी फुली आहे. ती बघून लगेच मागे सरकू नका. घाबरायचं असेल तर जरूर घाबरा, मीही जन्मभर घाबरतच आले आहे. पण कशाला घाबरायचं ते आधी नीट ऐकून घ्या. या घरातल्या माणसांची चूक तिथंच झाली.

एका सुतारानं मला सागाच्या दोन लांब वाशांतून घडवलं. अठरा पायऱ्या, प्रत्येक पायरी खाच पाडून, पाचर ठोकून बसवलेली. वरच्या दोन टोकांना त्यानं जाड कापड गुंडाळलं, म्हणजे भिंतीला ओरखडे पडू नयेत. मग माझ्यावर स्वतः तीनदा चढून-उतरून तो म्हणाला, “घ्या, ही तुमच्या नातवंडांनाही पुरेल.” तेव्हा मी फुशारले होते. आज ते वाक्य आठवायलाही नको वाटतं.

माझे पहिले मालक दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची अक्षरं रंगवायचे. लोक त्यांना मोठे पेंटर म्हणत. तांबूस चेहरा, जाड मान, आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. चढण्याआधी माझ्या खांबावर दोन थापा मारायच्या, ही त्यांची पद्धत. घोड्यावर बसण्याआधी घोड्याला चुचकारावं तशा. चेहऱ्याबद्दल कुणी काही बोललं, तर ते अभिमानानं म्हणायचे, “आमच्या घराण्याचं रक्तच गरम आहे. माझे वडीलही असेच लालबुंद होते.” ते वडील पन्नाशीच्या आत बसल्या जागी गेले होते, हे मात्र ते त्याच दमात सांगत नसत.

दिवसभर उन्हात घाम गाळायचा, म्हणून कामावर मीठ घातलेल्या पाण्याची बाटली असायची. मीठ विरघळून तळाला उरेल इतकं. “घामातून गेलं ते परत भरायला नको?” असं म्हणत ते घटाघटा प्यायचे, आणि घरी जेवतानाही वरून मीठ घ्यायचे.

त्यांनी धंद्यात दोन नियम घालून दिले होते. पहिला नियम, रंगवताना वाचायचं नाही. अक्षर बघायचं, त्याचं पोट बघायचं, दोन अक्षरांमधली मोकळी जागा बघायची. अर्थाकडे लक्ष गेलं की हात घाई करतो आणि ओळ शेवटी दाटते, असं ते म्हणायचे. दुसरा नियम, काम संपलं की शिडी धरणाऱ्यानं रस्त्यापलीकडे जाऊन ओळ मोठ्यानं वाचायची, पण उलटी, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत. सरळ वाचलं तर डोळा ओळखीचा शब्द गिळून पुढे जातो आणि राहिलेली वेलांटी राहूनच जाते. नियम मोठे शहाणपणाचे होते. त्यांच्या पाट्यांवर कधी चूक सापडली नाही. फक्त या घरात कुणी लिहिलेलं वाचायचं नाही, अशी सवय पिढीजात होऊन बसली. वाचायचे मी एकटी. दिवस दिवस भिंतीला टेकून उभी असते, दुसरं करणार काय?

आता एक गोष्ट सांगते, हसू नका. माझ्यावर चढणाऱ्याचा ठोका मला कळतो. तळवे पायरीवर दाबलेले असतात, मुठी खांबाला आवळलेल्या असतात, तिथून तो माझ्यात उतरतो. मी काही यंत्र नाही, माझं चुकतही असेल. पण मोठ्या पेंटरांचा ठोका मला सुरुवातीपासूनच खटकायचा. आतून कुणीतरी दार ठोकतंय आणि दार उघडत नाहीये, तसा तो होता. शेजारच्या सुताराचा, वायरमनचा, पाटी लावायला चढलेल्या दुकानदाराचा ठोका मी अनुभवलाय. त्यांच्यात ते ठोठावणं नव्हतं.

एका दुपारी ते कापडाच्या दुकानाची पाटी रंगवत होते. सकाळपासून मान चोळत होते. खाली मला धरून उभ्या असलेल्या आपल्या मुलाला ते म्हणाले, “कानात शिट्टी वाजतेय रे सारखी.”

“उतरा मग. पाणी प्या,” मुलगा म्हणाला.

“एवढी ओळ होऊ दे.”

ओळ झाली नाही. पंधराव्या पायरीवर त्यांचे पाय आधी सैल पडले, मग मूठ. मी जागची हलले नव्हते. सगळ्या अठरा पायऱ्या जिथल्या तिथं होत्या. पण खाली जमलेल्या माणसांना काहीतरी बोट दाखवायला हवं होतं. “पायरी निसटली,” कुणीतरी म्हणालं, आणि तेच कायमचं ठरलं. मोठे पेंटर गेले. घरच्यांनी माझी सातवी पायरी काढून नवी बसवली. सातवीच का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. धडधाकट पायरी होती हो ती.

मग माझ्यावर त्यांचा मुलगा चढू लागला, धाकटे पेंटर. वडिलांसारख्याच दोन थापा, तोच तांबूस चेहरा, तीच मिठाच्या पाण्याची बाटली. रागीट मात्र नव्हते. चढल्यावर शीळ घालायचे, खालच्या माणसांची थट्टा करायचे. मला वाटलं, हा माणूस वेगळा आहे, सुटला. पण त्यांनी तिशी ओलांडली आणि एका सकाळी पाचव्या पायरीवर मला ते ठोठावणं ऐकू आलं. तेच, अगदी तेच. माझी तर पाचावर धारण बसली. वडील जाऊन वर्षं लोटली होती, त्यांचे कपडे वाटून टाकले होते, ब्रश झिजून संपले होते, आणि ही एक वस्तू मात्र कुणी न देता मुलाकडे आली होती.

एकदा एका कारखान्याची भिंत रंगवत असताना तिथल्या कामगारांची तपासणी चालली होती. धाकटे पेंटर गंमत म्हणून रांगेत बसले. परत आले तेव्हा शीळ बंद होती. हातात गोळ्यांची पाकिटं होती. ती त्यांनी घरी नेली नाहीत. ब्रशांच्या डब्यात, चिंध्यांच्या खाली ठेवली. महिनाभर रोज सकाळी एक गोळी घेतली. ठोका किती निवळला होता म्हणून सांगू! मी महिनाभर निर्धास्त होते. मग एके दिवशी ते स्वतःशीच म्हणाले, “मला काही होत तर नाही. कशाला उगीच औषधाची सवय?” डब्याचं झाकण लागलं ते लागलंच. हे दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. आणि मला बोलता येत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ते पडले. एका शाळेच्या भिंतीवर काम चाललं होतं. आधी उजव्या हातातून ब्रश गळाला, एवढं लक्षात ठेवा. त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच हात आहे. मग रंगाचा डबा पडला, आणि मग ते कोसळले. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. दवाखान्यात सांगितलं, डोक्यात रक्तस्राव झालाय. घरच्यांना वाटलं, पडून मार लागला, म्हणून रक्त साचलं. पुढं ज्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही घरात ‘पडल्याच्या गोळ्या’ म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या.

त्यांची बायको सामान ठेवायच्या शेडमध्ये आली आणि माझ्यासमोर उभी राहून कडाडली, “आधी माझा सासरा खाल्लास. आता नवरा. अजून कोण हवाय तुला?”

तिच्या मुलानं, बारक्यानं, तांबड्या रंगात ब्रश बुडवून माझ्यावर फुली मारली. बारक्या हे लहानपणीचं नाव. आता तो दारातून आडवा होऊन आत येतो, पण नाव काही बदललं नाही. मला मागच्या भिंतीवर खुंट्यांना आडवं टांगलं. जाळून टाका म्हणाले असते तरी चाललं असतं, इतकं मला लागलं. सगळं खापर माझ्यावर फोडून ही माणसं मोकळी झाली होती, आणि त्या मोकळेपणाचीच मला धास्ती वाटत होती. कारण खरा गुन्हेगार घरातच होता. कुणाच्या तरी अंगात बसून वाट बघत होता.

धाकटे पेंटर शेडमध्ये खुर्चीवर बसून असत. कधी कधी माझ्याकडे एकटक बघत. डोळ्यांत भीती मावत नसे. मला वाटायचं, हाही मलाच अपराधी समजतो. काय करणार!

धंदा त्यांच्या मुलीनं उचलला. सगळे तिला ताई म्हणतात, गिऱ्हाईकंसुद्धा. वय तेहतीस, हात आजोबांचा, शीळ वडिलांची, आणि चेहरा… चेहरा तांबूस. बारक्या तिची शिडी धरायचा. ती नवी ॲल्युमिनियमची शिडी होती, हलकी आणि जरा जास्तच खडखडणारी. मी तिच्याबद्दल काही वाईट बोलणार नाही. पण तिच्यातून काही ऐकू येत असेल असं वाटत नाही.

दोन महिन्यांपूर्वी ताईकडे एका दवाखान्याची बाहेरची भिंत रंगवायचं काम आलं. भिंत उंच, नवी शिडी बारा पायऱ्यांची. पुरेना. सकाळी ताई शेडमध्ये आली आणि माझ्याकडे बघून बारक्याला म्हणाली, “काढ हिला खाली.”

“ताई, फुली आहे तिच्यावर.”

“फुली तूच मारलीस ना? मग तूच काढ खाली.”

खुर्चीवरून धाकट्या पेंटरांनी काठी जमिनीवर आपटायला सुरुवात केली. तोंडातून नुसता ‘अं, अं’ असा आवाज. ताई त्यांच्यापाशी गेली, खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बाबा, मी जपून चढेन. बारक्या धरणार आहे ना? घाबरू नका.” काठी थांबली नाही. आम्ही रस्त्याला लागलो तरी ती ऐकू येत होती.

भिंतीपाशी ताईनं मला उभं केलं. दोन थापा मारल्या. मग पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

सहा वर्षं मी कुणाचाच ठोका ऐकला नव्हता. वाटलं होतं, विसरले असेन. पहिल्या पायरीवरच ओळखलं. तेच दार, तेच ठोठावणं, आणि तेही इतक्या तरुणपणी. मी जिवाच्या आकांतानं करकरले. बारक्या म्हणाला, “जुनी झालीय, आवाज करते.” आणि त्यानं मला आणखी घट्ट धरलं.

डॉक्टरीणबाईंनी मजकूर कागदावर लिहून दिला होता. ताईनं अक्षरं मोजली, दोरीला खडू लावून ओळी आखल्या आणि रंगवायला घेतलं. शब्द तिच्या डोळ्यांखालून गेले, मनात शिरले नाहीत. घरची शिस्तच तशी! माझ्या कापड गुंडाळलेल्या टोकांच्या मधोमध एकेक अक्षर उमटत होतं आणि मी एकेक वाचत होते. तिसऱ्या ओळीपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. भिंतीवर लिहिलं होतं :

आई किंवा वडिलांना रक्तदाब असेल, तर तुम्हालाही होऊ शकतो.
लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका.
आजच मोजून घ्या.

जिला वाचायला हवं, तीच हे स्वतःच्या हातानं लिहीत होती. मधूनच डाव्या हातानं मान चोळत होती. एकदा डोळे मिटून, कपाळ माझ्या खांबाला टेकवून ती थोडा वेळ थांबली. मग बाटली उघडली, मिठाचं पाणी प्याली आणि पुन्हा ब्रश हातात घेतला.

ओळी पुऱ्या झाल्यावर ती खाली न उतरताच म्हणाली, “वाच रे.”

बारक्या रस्त्यापलीकडे गेला आणि घरच्या नियमानं खणखणीत आवाजात वाचू लागला. “घ्या. मोजून. आजच. नका. पाहू. वाट. दिसण्याची. लक्षणं…” असं करत करत तो ‘आई’पर्यंत पोहोचला. “बिनचूक आहे, ताई!”

बिनचूक होतं. काहीच कळलं नव्हतं.

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. आतून आधी काठी बाहेर आली, मग धाकटे पेंटर, आणि त्यांना सावरत त्यांची बायको. “ऐकतच नाहीत,” ती बारक्याला म्हणाली. “सकाळपासून दारावर काठी आपटतायत. शेवटी हात टेकले मी आणि घेऊन आले. ताई, उतर गं बाई, त्या अवदसेवरून आधी उतर!”

मला वाटलं, आता ते काठी माझ्यावर उगारणार. पण त्यांची नजर भिंतीवर गेली आणि ते जागीच उभे राहिले. जीभ सुटावी म्हणून बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना रोज मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं, हळूहळू, एकेक शब्द, पहिल्यापासून शेवटपर्यंत. उलटं वाचणं आता त्यांना जमतच नव्हतं. ते वाचू लागले.

“आ…ई. किं…वा. वडि…लांना.”

तिथं थांबले. पुन्हा सुरू केलं. “वडिलांना… रक्त…दाब… असेल… तर… तुम्…हालाही…”

या घराण्यातल्या माणसानं भिंतीवरची ओळ सरळ वाचली, ती पहिल्यांदाच. शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी डावा हात उचलला आणि बोट रोखलं. माझ्यावर नाही. सरळ ताईवर.

सहा वर्षं मी त्यांना चुकीचं समजत होते. तेही त्याच गोष्टीला भीत होते, जिला मी भीत होते. आम्ही दोघंही मुके, समोरासमोर बसून होतो एवढंच.

गडबड ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या. ताई खाली उतरली. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, वडिलांच्या लुळ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, “यांना काय झालं होतं?”

“शिडीवरून पडले. झटका आला,” आई म्हणाली. “सासरेही हिच्यावरूनच पडून गेले. शिडीच अपशकुनी आहे.”

“पडल्यामुळे झटका आला,” बाईंनी सावकाश विचारलं, “की झटका आल्यामुळे पडले?”

एवढाच प्रश्न. तो कुणीतरी विचारावा म्हणून मी किती वर्षं थांबले होते! धाकट्या पेंटरांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि एकदम सोडून दिला. तो मांडीवर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. मग बोटांनी ब्रश धरल्याची खूण केली. ब्रश आधी पडला होता. ते स्वतः नंतर.

ताईला आत नेऊन बसवलं आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. एकशे ब्याऐंशी, एकशे चौदा. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. “मला तर काही होत नाही,” ताई म्हणाली. वडिलांचे शब्द.

“म्हणून तर भीती,” बाई म्हणाल्या. “तो काही सांगत नाही. आज शिडीवर चढायचं नाही.”

बारक्याचा मोजला, तर अगदी छान निघाला. तो ओशाळला. “आम्ही एकाच घरात वाढलो, एकच जेवतो. मग हिलाच का?”

बाईंनी समजावून सांगितलं. हा वारसा एखाद्या अंगठीसारखा एकाच तुकड्यात हाती येत नाही. शेकडो बारीक बारीक गोष्टी आई-वडिलांकडून येतात, प्रत्येक गोष्ट दाब थोडासा वर ढकलते. भावंडांत त्यांची वाटणी सारखी होत नाही. तुझ्या वाट्याला बहुधा कमी आल्या, तिच्या वाट्याला जास्त. तरी तूही दर वर्षी मोजायचा. त्यावर घरातलं मीठ, सवयी, वजन यांची भर पडते. “वारशात धोका येतो,” त्या ताईला म्हणाल्या. “झटका वारशात येत नाही. तो अडवता येतो. गोळी मात्र बरं वाटलं म्हणून सोडायची नाही.”

हे ऐकल्यावर धाकट्या पेंटरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. का, ते तिथं कुणाला कळलं नाही. मला आणि ब्रशांच्या त्या डब्याला कळलं.

पुढची तपासणी झाली, ताईच्या गोळ्या सुरू झाल्या. मिठाची बाटली गेली, साध्या पाण्याची आली. मला परत खुंटीवर टांगलं नाही. दाराशी उभं केलं.

एका सकाळी धाकट्या पेंटरांनी खुणेनं तांबडा रंग आणि ब्रश मागितला. सगळ्यांना वाटलं, फुली पुसून टाकणार. त्यांनी फुलीला हात लावला नाही. तिच्याशेजारी, खांबाच्या अरुंद पट्टीवर, डाव्या हातानं त्यांनी दोन शब्द लिहिले. पडल्यापासूनची त्यांची पहिली अक्षरं. त्यांना अख्खी सकाळ लागली. ‘आधी मोज.’ काने वाकडे, पोटं फुगलेली, शेवटचं अक्षर ओघळलेलं. मोठे पेंटर असते तर डोक्याला हात लावून बसले असते. पण त्यात बघण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे ते वाचावंच लागतं. बारक्याही ते सरळच वाचतो.

आता ताई दोन थापा मारायला येते तेव्हा तिचा हात त्या अक्षरांवर पडतो. तिथं ती थांबते. खुर्चीवरून वडील दंडाचा पट्टा पुढं करतात. आकडा नीट आला तरच मग माझ्यावर पाऊल.

ठोका निवळलाय. तरीही मी निर्धास्त नाही. असा एक महिना मी पूर्वीही पाहिलाय. गेल्या आठवड्यात ताई आरशात बघून म्हणाली, “आता किती बरं वाटतंय!” आणि मी इथं दाराशी थरथरले. आईला ती हवा वाटली.

माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरातही एखादी शिडी असेल, कुणी पडल्यावर जिच्यावर फुली मारली असेल अशी. तिला जाळण्याआधी जरा विचारा, आधी काय पडलं होतं. आणि या शेडमध्ये आलात तर माझ्या खांबावरचे ते दोन शब्द वाचा. उलटे नकोत, सरळ वाचा. रोज हात लागून लागून त्यांचा रंग आत्ताच थोडा उडायला लागलाय.